नापास गळा

ड्रॉइंगवर नाव नसतं, फक्त नंबर असतो.
अंबडच्या शेडमध्ये, तिसऱ्या पाळीत,
रंगनाथ गायधनींनी तो लेथवरून उतरवला,
चिंधीनं पुसला
आणि माझ्या टेबलावर ठेवला, तान्हं ठेवावं तसा.
रॉकेटच्या नॉझलचा गळा. मुठीत मावेल एवढा.

बोअर गेज आत सोडला.
काटा थरथरला, थांबला.
आठ मायक्रॉन जास्त.
चालतात पाच.

हिरामण गावित, पेठचा, अजून ॲप्रेंटिस, विचारतो :
मॅडम, केसाच्या दहाव्या हिश्शानं
आभाळाला काय फरक पडतो?

सोमेश्वरला गोदावरी बघ, मी म्हणते.
खडकांत आवळली की धावते,
पात्र पसरलं की सुस्तावते.
वायूही गळ्यापर्यंत तसाच वागतो.
गळ्यात तो आवाजाचा वेग गाठतो
आणि मग नदीनं कधी केलं नाही ते करतो :
रुंद जागेत आणखी जोरात सुटतो.
सगळी करामत त्या अरुंद ठिकाणी.
तिथलं माप हुकलं तर वर सगळंच
थोडं थोडं हुकत जातं.

आणि वर गेलेलं पडत का नाही?

पडतं रे. पडतच असतं.
पांडवलेण्यांवरून दगड भिरकाव, पाथर्डी फाट्याशी पडेल.
अंगात असेल नसेल तेवढा जोर लाव, सिन्नर.
पण समज, हवा आड आलीच नाही,
आणि एका सेकंदात सातपूरहून पंचवटी गाठेल
इतका तो सुटला,
तर त्या सेकंदात तो पाच मीटर खाली येईल
आणि जमीनही, गोल असल्यामुळे,
तेवढीच खाली वळलेली असेल.
दीड तासानं मागून येईल. मान खाली घाल.

हिरामण हसला. रंगनाथ हसले नाहीत.
एरवी हसतात. मागे एकदा मी सांगितलं होतं,
कक्षेत पुढच्याला गाठायचं तर ब्रेक मारावा लागतो,
वेग सोडला की खाली उतरतो आपण,
आणि खालची वाट लवकर संपते.
तर म्हणाले, मुंबई नाक्यावर एवढं कळलं असतं लोकांना!
आठवडाभर सगळ्या शेडला ऐकवत होते.
आज चहा निवला. मार्चमध्ये रिटायर.
हा त्यांचा शेवटचा लॉट.

माझे वडील बँकर इंजिनावर होते.
कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला लागायचं,
घाटभर ढकलायचं,
इगतपुरीला सुटायचं.
गाडी पुढे भुसावळ, नागपूर, हावडा.
हे उतारानं परत, रिकामे.
मागच्या डब्यातल्या पोरानं हात हलवला तर तेवढंच.
किती वाया, असं मला लहानपणी वाटायचं.
आता आकडे बघते : शंभर किलोत नव्वद जळायला,
त्यातलंही बरंचसं उरलेलं जळण उचलायला,
रिकाम्या टाक्या वाटेतच सोडायच्या,
आणि टोकाला पोचतात दोन, फार तर तीन किलो.
बाबांना हे सांगायचं राहिलं.

लाल टॅग मी लावला.
नियम असा, की नापास तुकडा कापून टाकायचा,
चुकून कुणी बसवू नये म्हणून.
हिरामणनं हॅक्सॉ आणली.
रंगनाथांनी ती त्याच्या हातून काढून घेतली.
धातू चिवट. दोन पाती तुटली.
मग टेबलावर दोन अर्धुकं,
आतला वळसा उघडा, आरशासारखा.
तिघंही वाकून बघत राहिलो.
पास झालेला गळा असा कुणालाच दिसत नाही.

साडेपाचला बाहेर आलो.
डोंगरावरून एक ठिपका सरकत होता,
न लुकलुकता.
पडतोय, हिरामण म्हणाला.
हो, म्हटलं.
आत रंगनाथांनी नवा बार चकमध्ये आवळला होता.